आज वर्ग भरला चिखलात

आज सहावी-सातवीच्या पोरांना घेऊन रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर गेले होते. ओहोटीची वेळ बघूनच निघालो, तरी चप्पल चिखलात गेलीच माझी, आणि पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली 😄

चिप्पीची, म्हणजे खाडीतल्या ह्या कांदळाच्या झाडाची, मुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली असतात ना, झाड त्यातून हवा घेतं, हे मी पुस्तकात चार वेळा शिकवलंय. पण आज त्या खुंट्यांना गुंडाळलेल्या वेफर्सच्या पिशव्या नि तुटलेलं जाळं बघून एक पोरगी म्हणाली, "बाई, ह्यांचं नाक दाबलंय कुणीतरी." मी गप्पच. पुढं काय शिकवणार?

२०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष जाहीर केलं, हे सांगितलं तर कुणाला फार कौतुक नाही. पण एकाचे आजोबा खाडीत पागायला (जाळं टाकून मासे धरायला) जातात, तो सांगायला लागला की माशांची बारकी पिल्लं ह्या मुळांतच लपतात, कुर्ल्या (खेकडे) कुठल्या बिळात असतात, आणि मग सगळे त्याच्याच मागं. बरोबरच आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

दोन गोणी कचरा निघाला, जाळं मात्र कोयत्यानं कापावं लागलं. आणि हो, मागच्या वर्षी आपणच पर्यावरण दिनाला थर्माकोलचं 'हिरवं गाव' बनवलं होतं, २०१८ च्या बंदीनंतरही! ते अजून कपाटावर आहे, उद्या काढते खाली.