विहिरीतली अंडी

फोन आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. "मॅडम, डायनासोरना अंडा सापडनात. लवकर या." म्हणजे अहिराणीत, डायनासोरची अंडी सापडली. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो. विहिरीच्या खोदकामातून निघालेले गोल गोल दगड, आणि त्यातल्या एकाला हळदकुंकू लागलेलंसुद्धा!

मी भूगर्भशास्त्र शिकवते. सुटीच्या दिवशी झेडपीच्या शाळांत, यात्रांत जीवाश्मांचा डबा घेऊन फिरते. डबा केळी वेफर्सचा आहे, त्यामुळे मुलं आधी हात घालतात आणि मग हिरमुसतात. आत दोन-चार शंख, दगड झालेलं लाकूड आणि एक अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा दगड झालेला गोल वळ्यांचा शंख. तो पाहिला की म्हाताऱ्या बायका हमखास म्हणतात, "हाऊ तं शाळिग्राम शे!" त्यांचं बरोबरच असतं. नेपाळातल्या गंडकीचे शाळिग्राम अमोनाइटचेच.

डिसेंबर २०२३मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या पाडल्याची बातमी आली. तिथले लोक कुलदैवत म्हणून पूजत होते ते गोटे डायनासोरची अंडी निघाले म्हणे. त्याच वर्षी त्या जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी शास्त्रज्ञांनी नोंदवली होती. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की धारच. मग आपल्या खान्देशात का नाही? तेव्हापासून मला असे फोन येतात.

ही अंडी नव्हेत, हे फोटो पाहूनच कळलं होतं. तरी पारोळा तालुक्यातल्या त्या शेतावर गेले. एकदा एका शाळेत "आपल्याकडे डायनासोर सापडत नाहीत" असं सरळ सांगून बसले होते. पोरांनी वह्या मिटल्या. ते अजून सलतं.

विहिरीवर पंधरा-वीस माणसं. मी घण मागितला. हळदकुंकवाचा दगड सोडून दुसरा घेतला (तेवढी अक्कल आहे मला). दोन घावांत कांद्यासारखे पापुद्रे सुटले, आत काळाशार गाभा. खडकाच्या भेगांत पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात, आणि चौकोनी तुकडा हळूहळू गोल होतो. अंड्याला पापुद्र्यांवर पापुद्रे नसतात. पातळ कवच असतं, आत गाळ भरून दगड झालेला. आणि हा सगळा काळा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तापल्या तव्यावर अंडं कोण घालणार? धारची अंडी लाव्हाखालच्या जुन्या थरांत आहेत.

कडेला बसलेली आजी म्हणाली, "मंग खाल व्हतीन."

मी गप्पच झाले. इतकं नेमकं आमच्या वर्गातही कोणी बोलत नाही. "असतीलही आजी, पण तिथपर्यंत विहीर नेऊ नका," एवढंच म्हणाले.

पोरांची तोंडं मात्र उतरलेली. तेवढ्यात बांधावर कोंबडा दिसला. म्हटलं, धरा त्याला. पाच मिनिटं नुसती पळापळ. धरल्यावर त्याच्या पायावरचे खवले दाखवले. पक्षी डायनासोरांच्याच कुळातले. मग पाटण्याची गोष्ट सांगितली. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. सुमारे २५,००० वर्षं जुनी, एकावर तर जाळीसारखी नक्षी कोरलेली. तेव्हा आपल्या खान्देशात शहामृग होते! एका पोराने विचारलं, "मंग ते अंडं खाल्लं का त्यांनी?" खाल्लंच असणार, मी म्हटलं. एका अंड्यात अख्ख्या घराचं भागलं असतं.

विहिरीचे मालक इतका वेळ काही बोलले नव्हते. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाले, "अंडी जाऊ द्या ताई. पाणी लागंल का?"

मी सांगितलं, असा कुजका खडक नि मुरूमच पाणी धरतो. ते हसले. हळदकुंकवाचा दगड त्यांनी उचलला, धुतला नाही, तसाच विहिरीच्या कडेला नीट मांडला.