ते क्वेकर होते ना?

2 एप्रिल 1848 रोजी वॉशिंग्टनमध्ये बसून, इलिनॉयहून निवडून आलेल्या एकोणचाळीस वर्षांच्या एका खासदाराने व्हर्जिनियातल्या डेव्हिड लिंकन नावाच्या, कधीही न भेटलेल्या गृहस्थाला पत्र लिहिले. तुमचे काका अब्राहम आणि माझे आजोबा हे एकच, याबद्दल आता शंका उरलेली नाही, असे सांगून त्याने लगोलग प्रश्नांची फैर झाडली. तुमच्या आजोबांचे नाव काय? ते क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) होते ना? पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स परगण्यातून ते व्हर्जिनियात साधारण कधी आले? आणि त्यांच्याही मागचे, तुमच्या घराण्याचे, किंबहुना आता आपल्या घराण्याचे म्हणायला हरकत नाही, काही ठाऊक आहे का? पत्राखालची सही अब्राहम लिंकन यांची आहे.

मला दुसऱ्यांची जुनी पत्रे वाचण्याची खोड आहे, आणि लिंकन यांची गाजलेली भाषणे बाजूला ठेवून मी या पत्राकडे पुन्हापुन्हा येतो ते त्यातल्या ‘किंबहुना आता आपल्या’ या दुरुस्तीसाठी. वकिली पेशातला माणूस, शब्द तोलूनमापून वापरणारा. आणि इथे लिहिता लिहिता, पुरावा पुरता हाती येण्याआधीच, नाते लावून मोकळा होतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरच्या माणसाचे गाव कळल्यावर ‘म्हणजे आपण भाऊबंदच की’ असे जे होते, तेच हे आहे.

त्याच वर्षी मार्च महिन्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन यांनी विचारल्यावरून, अब्राहम यांनी आपल्याला माहीत होते तेवढे कळवले होते. वडील थॉमस, आजोबा अब्राहम; आजोबा सुमारे 1782 साली व्हर्जिनियातून केंटकीत गेले आणि दोन वर्षांनी मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले; पणजोबा पेनसिल्व्हेनियातून आले आणि ते क्वेकर होते, अशी घरात एक अंधूकशी ऐकीव गोष्ट आहे; त्यामागचे कधी कानावर आलेले नाही. आजोबा प्रत्यक्षात मारले गेले ते 1786 साली, म्हणजे जवळची तारीखसुद्धा दोन वर्षांनी हललेली. त्यात नवल नाही. त्या दिवशी थॉमस आठ वर्षांचे होते. ते पुढे मोलमजुरी करत वाढले आणि, मुलानेच लिहून ठेवल्याप्रमाणे, कशीबशी स्वतःची सही करण्यापलीकडे त्यांचे लेखन कधी गेले नाही. घराण्याची हकिकत सांगणारा माणूस शेतात पडला आणि ऐकणारा आठ वर्षांचा. एवढ्यावर तीन पिढ्यांचा धागा तुटतो.

पणजोबा खरोखरच क्वेकर असते तर काम सोपे व्हायला हवे होते. स्वतःला ‘मित्र’ म्हणवणाऱ्या या पंथाला पुरोहित नको होते, बाप्तिस्मा नको होता, लग्न लावायला पाद्री नको होता. आणि ज्याच्याकडे पाद्री नाही त्याला सगळे स्वतःच लिहून ठेवावे लागते. त्यांच्या मासिक सभांची इतिवृत्ते असत, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबाला जुनी सभा नव्या सभेच्या नावे दाखला देई. लग्न करू इच्छिणारी जोडी सभेपुढे एकदा नव्हे, दोनदा उभी राही, मधल्या महिन्यात दोघांची चौकशी होई, आणि लग्नाच्या दिवशी हजर असलेली मंडळी दाखल्यावर सह्या करत. वंशावळ शोधणाऱ्याला यापरते सुख नाही. एका कागदावर आत्या, मावश्या, काका आणि शेजारी ओळीने उभे.

मात्र या वह्यांत शिरायचे तर त्यांचा कालगणनेचा हट्ट समजून घ्यावा लागतो. वारांची आणि महिन्यांची नावे बहुतेक रोमन वा मूर्तिपूजक देवांची म्हणून क्वेकर ती उच्चारत नसत, नुसते आकडे लिहीत. शिवाय 1752 पर्यंत इंग्रजी राज्यात वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून मार्च हा पहिला महिना आणि फेब्रुवारी बारावा. याचा नमुना लिंकन घराण्यातच आहे. बर्क्स परगण्यातल्या एक्सेटरचे मॉर्डेकाय लिंकन यांचे मृत्युपत्र 22 फेब्रुवारी 1735/6 चे, म्हणजे जुन्या गणनेने 1735 चे आणि आजच्या गणनेने 1736 चे आहे, आणि त्यात होऊ घातलेल्या मुलाचीही तरतूद आहे. मॉर्डेकाय 1736 च्या मे महिन्यात वारले आणि मुलगा त्याच वर्षी, त्यांच्यामागे जन्मला. तिरप्या रेघेपुढचा तो सहाचा आकडा घाईत डोळ्यांआड झाला तर मृत्युपत्र एक वर्ष मागे सरकते, तरतूद दुसऱ्याच कोणा मुलासाठी होती असे वाटू लागते, आणि खऱ्या मुलाचे पितृत्व विनाकारण संशयात सापडते. आकडा तपासण्याआधी माणसाच्या चारित्र्यावर शंका घेणारे वंशशोधक काही कमी नाहीत.

गंमत अशी, की हे मॉर्डेकाय क्वेकर सभेचे सदस्य असल्याचा पुरावा मिळत नाही. त्यांचा शेजार मात्र क्वेकरांचा होता. पुढे सीमाप्रदेशातला धाडसी वाटाड्या म्हणून प्रसिद्धीस आलेल्या डॅनियल बून यांचे घराणे तिथेच राहत होते. मॉर्डेकाय यांच्यामागे जन्मलेल्या मुलाचे नावही अब्राहमच ठेवले गेले (हा लिंकन यांचा आजोबा नव्हे), आणि 1760 साली त्याने डॅनियलची चुलत बहीण अ‍ॅन बून हिच्याशी लग्न केले. पंथाबाहेरच्या माणसाशी लग्न म्हणजे क्वेकरांच्या दृष्टीने शिस्तीचा भंग. तिच्या नावे सभेत तक्रार आली आणि पुढे तिने चूक कबूल केली. आता या नोंदीकडे दुसऱ्या बाजूने पाहा. अ‍ॅनला दोष लागला, कारण नवरा सदस्य नव्हता. लिंकन घराण्यातला किमान हा एक माणूस क्वेकर नव्हता, याचे प्रमाणपत्र क्वेकरांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. ज्यांनी नियम पाळले त्यांच्याविषयी इतिवृत्ते फारसे बोलत नाहीत. चुकलेल्यांवर मात्र महिनोन्महिने शाई खर्च होते. वंशशोधकाने पूर्वजांसाठी प्रार्थना करायचीच असेल तर ती त्यांच्या हातून नोंद होण्याजोगी एखादी चूक घडावी, अशी करावी.

मग घरातली ती ऐकीव गोष्ट आली कुठून? माझा अंदाज असा, की सुनांबरोबर आणि शेजाऱ्यांबरोबर आली आणि नातवंडांपर्यंत पोहोचता पोहोचता पणजोबांच्या अंगावर चढली. पंथ बायकांचा, नाव पुरुषांचे. घराण्याच्या आठवणीत अशी अदलाबदल सर्रास होते.

दुवा शेवटी जुळला तो धर्माच्या वहीतून नव्हे, जमिनीच्या कागदातून. मॉर्डेकाय यांनी न्यू जर्सीतली तीनशे एकर जमीन थोरला मुलगा जॉन याला ठेवली होती. 1748 साली ती विकताना जॉनने खतात आपण मॉर्डेकायचा मुलगा व वारस असल्याचे लिहून दिले. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला. हाच तो पणजोबा, ज्याचे नाव 1848 साली पणतूला विचारावे लागत होते. मॉर्डेकाय स्वतः न्यू जर्सीत असताना त्यांची एक लेक गेली. तिच्या थडग्याच्या दगडावर ‘डेबोरा लिंकन, वय 3 वर्षे 4 महिने, 15 मे 1720’ एवढेच आहे, आणि आडनावातला दुसरा ‘एल’ पाथरवटाने गाळला आहे. त्या काळचे काटेकोर क्वेकर थडग्यावर नाव कोरलेला दगड उभा करणे हा डामडौल मानत. सव्वातीन वर्षांच्या लेकीसाठी बापाने तो उभा केला. केवळ एका दगडावरून धर्म ठरवू नये हे मला मान्य आहे. पण मला तो दगड पुरतो.

मॉर्डेकायच्या मागची वाट थेट हिंगमला जाते. 1637 साली इंग्लंडहून आलेला, विणकराच्या हाताखाली काम शिकणारा सॅम्युअल लिंकन तिथे स्थायिक झाला. जहाजाच्या यादीत त्याचे वय अठरा लिहिले आहे, आणि नॉरफकमधल्या मूळ हिंगमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून ते पंधराच्या आसपास निघते. मोठे दिसण्याची त्याला घाई असावी. त्या वसाहतीत थॉमस लिंकन नावाचे इतके जण होते, की गावाने त्यांना विणकर, चक्कीवाला, पिंपे करणारा आणि शेतकरी असे वेगळे केले. म्हणजे 1848 साली ज्या गावाहून विचारणा आली, त्याच गावी उत्तर होते.

लिंकन यांच्या हयातीत हे सारे जुळले नाही. डिसेंबर 1859 मध्ये, पुढच्या वर्षीची निवडणूक जवळ आल्यावर एका स्नेह्याने माहिती मागितली, तेव्हा त्यांनी पूर्वज क्वेकर होते हे पुन्हा लिहिले. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे हिंगम ज्या भागात येते तिथल्या, लिंकन घराण्याशी नाते जोडण्याच्या खटपटीतून दोन्हीकडच्या नावांच्या सारखेपणापलीकडे ठोस काही निघाले नाही, असेही नोंदवले, आणि ती नावे देऊन टाकली: ईनॉक, लीव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम.