चाकावरच्या चोवीस मेणबत्त्या

आईचं नाव पाळकबाईंनी माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं होतं. उपासनेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. एकेक अक्षर विचारून त्यांनी ते लिहून घेतलं, स्वतः म्हणून दाखवलं आणि चुकलं तिथे पुन्हा विचारलं. तरी रविवारी वेदीपुढे वाचताना त्यांच्या जिभेवर 'ळ' अडखळलाच. मला त्याचं काही वाटलं नाही. जर्मन नावांच्या त्या यादीत माझ्या आईचं नाव आलं, घंटेचा एक टोल पडला आणि मी पुढे जाऊन तिच्या नावाची मेणबत्ती लावली.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होण्याच्या आधीचा तो रविवार. इथे जर्मनीत प्रोटेस्टंट ख्रिस्ती त्याला टोटेनझोनटाग म्हणतात, म्हणजे मृतांचा रविवार. 1816 साली प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याने तो नेमून दिला. वर्षभरात ज्यांची माणसं गेली, ते सगळे त्या दिवशी चर्चमध्ये येतात. एरवी न येणारेही येतात. चर्चचं वर्ष इथे संपतं. पुढच्या रविवारी नवं वर्ष सुरू होतं, ते आगमनकाळाच्या पहिल्या मेणबत्तीने.

आई जूनमध्ये गेली. मी इथे हॅम्बुर्गमध्ये होते. विमानाचं तिकीट हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. दफनविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. दादाने फोन धरला होता आणि त्याचा हात थरथरत होता, त्यामुळे कबर सारखी पडद्याबाहेर जात होती. तेव्हापासून मी उपासनेला जात होते, बसत होते, उठत होते. पण गाणं सुरू झालं की माझे ओठ मिटलेले राहायचे. प्रार्थनेतही 'आमेन' एवढंच यायचं.

हॅम्बुर्गचा डिसेंबर तिकडे बसून कळणार नाही. सकाळी साडेआठला सूर्य उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. मधल्या वेळात ढग असले तर तो दिसतही नाही. कामावर जाताना अंधार, परत येताना अंधार. अशा अंधारात चर्चमध्ये आठवडाभरापूर्वीच्या मृतांच्या मेणबत्त्या विझून गेलेल्या असतात आणि हिरव्या फांद्यांच्या गोल चक्रावर चारांपैकी फक्त एक मेणबत्ती पेटते. खरं सांगते, पहिल्या रविवारी मला ती अपुरी वाटली. एवढ्या मोठ्या दगडी इमारतीत ती एक ज्योत! मागच्या बाकावरून तर ती धड दिसतही नव्हती.

त्या दिवशीचं शुभवर्तमान ऐकून तर मी चमकलेच. मत्तयाचा एकविसावा अध्याय, येशू गाढवावर बसून यरुशलेमेत येतो तो प्रसंग. आपण हा पाठ झावळ्यांच्या रविवारी ऐकतो, वधस्तंभाच्या आठवड्याच्या तोंडावर. इथे तो आगमनकाळाच्या पहिल्याच दिवशी वाचतात. बाळाचा अजून पत्ता नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, आणि राजा दाराशी येऊन ठेपलेला आहे. 'पाहा, तुझा राजा तुझ्याकडे येत आहे.' घरी जाताना ट्रेनमध्ये 'तुझ्याकडे' हाच शब्द डोक्यात घोळत राहिला. आपण त्याच्यापर्यंत पोहोचायचं असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. तो येतो. आईपर्यंत वेळेत न पोहोचलेल्या मला हे ऐकायची किती गरज होती, ते त्या रात्री समजलं.

हे फांद्यांचं चक्र याच शहरात जन्मलं, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक लूथरन धर्मशिक्षक होते. 1833 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी शहराबाहेरच्या हॉर्न या गावात 'राउहेस हाउस' नावाचं घर सुरू केलं. हॅम्बुर्गच्या गरीब वस्त्यांतली, कुणी न सांभाळलेली मुलं ते तिथे आणून वाढवत, शिकवत. डिसेंबर आला की मुलं त्यांना रोज एकच प्रश्न विचारून भंडावून सोडायची: नाताळ कधी? अजून किती दिवस?

1839 साली विखर्न यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर चोवीस मेणबत्त्या बसवल्या, वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या. त्या वर्षी 1 डिसेंबर हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता, त्यामुळे हिशेब नेमका जुळला. रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी एक मेणबत्ती पेटायची. आठवड्याच्या दिवशी लाल, रविवारी पांढरी. मुलांना उत्तर मिळालं आणि मोजायलाही शिकता आलं. हिरव्या फांद्या नंतर आल्या. घराघरांत हे चक्र पोहोचलं तेव्हा चाक लहान झालं आणि फक्त रविवारच्या चार मेणबत्त्या उरल्या. कॅथलिक चर्चमध्ये तर ते विसाव्या शतकात आलं.

त्या मुलांचा विचार मी या दिवसांत फार केला. ज्यांना आजवर कुणी वेळेवर जेवायलाही वाढलं नसेल, ज्यांना दिलेला शब्द कुणी पाळला नसेल, त्यांना 'नाताळ येणार' एवढं तोंडी सांगून कसं पटावं? विखर्न यांनी त्यांना नुसतं धीर धरा म्हणून सांगितलं नाही. रोज एक ज्योत वाढताना दाखवली. शब्द दिलाय आणि तो पूर्ण होतोय, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं. आशा कशी असते ते मला या चाकावरून जितकं कळलं, तितकं बऱ्याच प्रवचनांतून कळलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारचा पाठ लूक एकविसावा. समुद्राची गर्जना, राष्ट्रांची घाबरगुंडी, भीतीने गर्भगळीत झालेली माणसं. बाहेर नाताळचे बाजार भरलेले, दिव्यांच्या माळा लखलखताहेत आणि आत हे वाचन. पूर्वी मला अशा पाठांचा त्रास व्हायचा. सणाच्या तोंडावर हे कशाला, असं वाटायचं. यंदा मात्र तोच पाठ जवळचा वाटला, कारण त्यात माझ्या जूनला जागा होती. आगमनकाळाचा रंग जांभळा आहे तो उगीच नाही; पूर्वी हे उपवासाचे, पश्चात्तापाचे दिवस होते. आधी अंधाराला अंधार म्हणायचं, आणि मग येशूचं ते वाक्य ऐकायचं: आपली डोकी वर करा, कारण तुमचा मुक्तिसमय जवळ आला आहे. मृतांचा रविवार आणि आगमनकाळ शेजारी शेजारी का ठेवलेत, तेही मला तिथेच उमगलं. आपण बेथलेहेमात आलेल्या बाळाची आठवण करतो आणि पुन्हा येणाऱ्या प्रभूची वाटही पाहतो. तो येईल तेव्हा माझी आई त्या यादीतलं एक नाव म्हणून राहणार नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, मी ते खरं धरून चालले आहे.

याच आठवड्यात डीट्रिख बोनहोफर यांच्याविषयी पुन्हा वाचलं. हिटलरला विरोध करणारे हे पाळक एप्रिल 1943 पासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. त्या नोव्हेंबरमध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की तुरुंगाची कोठडी ही आगमनकाळासारखीच असते. माणूस वाट पाहतो, आशा धरतो, काहीबाही करत राहतो, पण दाराला कुलूप असतं आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येतं. एप्रिल 1945 मध्ये त्यांना फाशी दिलं गेलं. हे ठाऊक असताना ते पत्र वाचणं सोपं नाही. तरी ते दार बाहेरूनच उघडतं हे वाचून मला फार हलकं वाटलं. पाच महिने मी आतून ढकलत होते. आता दुःख आवरलं पाहिजे, आता गायला पाहिजे, विश्वास असेल तर रडू कसं येतं, असं स्वतःलाच टोचत होते. कुलूप माझ्या बाजूला नव्हतंच.

पाळकबाईंनी मला तिसऱ्या रविवारी जुन्या करारातला पाठ मराठीत वाचायला सांगितलं. त्या दिवशी ठरलेला पाठ असतो यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय, पहिल्या ओवीपासून अकराव्यापर्यंत. जर्मन मजकूर लोकांच्या हातातल्या कागदावर छापलेला होता. मी आईचं पवित्र शास्त्र काढलं. दादाने ते मला पाठवून दिलं होतं आणि इतके महिने मी ते उघडलं नव्हतं. आदल्या रात्री सराव करताना एक गोष्ट लक्षात आली, जी जर्मनमध्ये वाचताना कधीच आली नसती. जर्मन माणूस नुसता थांबतो. आपण मराठीत वाट पाहतो. आपल्या वाट पाहण्यात डोळे आहेत आणि रस्ता आहे. कुणीतरी त्या रस्त्याने येणार हे त्या शब्दातच धरलेलं आहे. आणि यशया म्हणतो, अरण्यात परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा. वाट पाहायची आणि वाट करायचीही. आई दर रविवारी माझ्या फोनची वाट पाहायची तेव्हा काय करायची? खोली झाडायची, केस विंचरायची, चष्मा पुसून ठेवायची. फोनवर तिचं काय दिसणार होतं, पण ती तयार होऊन बसायची.

रविवारी चर्चमध्ये तीन मेणबत्त्या पेटल्या होत्या. मी उभी राहिले आणि वाचू लागले: 'सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा.' आवाज बरा निघाला. सातव्या ओवीपाशी मात्र अडले. गवत सुकते, फूल कोमेजते. तिथे पानाच्या कडेला आईने पेन्सिलने एक बारीकशी रेघ ओढली होती, तारीख नाही, काही लिहिलेलं नाही, नुसती रेघ. मी थांबले. कुणी खोकलं नाही, कुणी हाललं नाही. मग पुढचं वाचलं, की आपल्या देवाचं वचन सर्वकाळ टिकतं. आणि शेवटी मेंढपाळाचं, जो कोकरांना कवटाळून उराशी धरतो. खाली बसले तेव्हा ऑर्गन सुरू झाला होता. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर मला कळलं की मी गातेय. किती वेळ गात होते, माहीत नाही. जून महिन्यानंतर पहिल्यांदा.

उपासनेनंतर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. कागदावरच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा तुमच्या भाषेत कसा म्हणतात? मी म्हटलं, सांत्वन. त्यांनी दोनदा म्हणून पाहिला, 'झांतवन', आणि कोट घालत दाराकडे जातानाही ते पुटपुटत होते.

कॅथलिक परंपरेत तिसरा रविवार आनंदाचा मानतात. जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं घालतात, गुलाबी मेणबत्ती लावतात. इथल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये आनंदाचा पाठ चौथ्या रविवारी येतो, प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेला: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा. तोही बंदिवासातूनच लिहिलेला आहे. मला तो मागच्या वर्षापर्यंत शुभेच्छापत्रावरच्या ओळीसारखा वाटायचा. आता बेड्यांतला माणूस 'पुन्हा म्हणेन' असं का म्हणतो, ते थोडंसं कळतंय. एकदा म्हणून ते मनात बसत नाही. चाकावरच्या मेणबत्त्यांसारखं पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

आज रात्री हे लिहिताना माझ्या टेबलावरही चक्र आहे. खिडकीत हेर्नहूटचा, म्हणजे मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या जर्मन गावचा, कागदी तारा लावलाय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरावियन ख्रिस्त्यांच्या वसतिगृहांतली मुलं असे तारे बनवू लागली. त्यांतल्या कितीतरी मुलांचे आईवडील मिशनरी म्हणून दूर देशांत होते. माझा तारा रस्त्यावरून दिसतो. मेणबत्त्यांपैकी पहिली जळून अगदी बुटकी झालीय, दुसरी तिच्याहून उंच, तिसरी आजच पेटलेली, आणि चौथीची वात अजून पांढरीशुभ्र आहे.

मघाशी दादाचा फोन आला होता. त्याच्या पाच वर्षांच्या लेकीने फोन ओढून घेतला आणि पडद्याला नाक लावून सगळ्या मेणबत्त्या मोजल्या.

"आत्या, ती का नाही लावली?"

"तिचा रविवार अजून यायचाय."

"म्हणजे अजून किती दिवस?"

मी हाताची पाचही बोटं पडद्यासमोर धरली आणि दुसऱ्या हाताची दोन. तिने माझ्याबरोबर मोठ्याने मोजली आणि सांगितलं, चौथी मेणबत्ती मी 'लाव' म्हटल्यावरच लावायची.