तक्रार असेल तर टाळ वाजवत राहा

आषाढी वारीत मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात, हरवलं-सापडलं पुकारलं जातं, मग आरती. माउलींच्या सोहळ्यातली मला सगळ्यात शहाणी वाटणारी रीत हीच. नैराश्याची किंवा बायपोलरची (मन कधी अति उंचावतं, कधी पार खचतं, त्या आजाराची) औषधं चालू असलेले वारकरी नेमके इथे चुकतात. आत काहीतरी बिनसलेलं असतानाही सगळ्यांबरोबर टाळ थांबवतात.

आळंदी सोडण्याआधी तंबूतल्या एका भरवशाच्या माणसाला आजाराचं नाव, गोळ्यांची जागा आणि घरचा नंबर सांगून ठेवायचा. अख्ख्या दिंडीला कळायची गरज नाही. गोळ्या वळकटीत बांधू नयेत, कारण ती ट्रकात जाते आणि ट्रक कोंडीत अडकतो. पाच दिवसांच्या जास्तीच्या धरून दोन पुड्या कराव्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. एक कायम अंगावर.

चौथ्या-पाचव्या दिवशी खरंच हलकं वाटतं. चालणं, सोबत, वेळेवर पंगत. मग 'माउली चालवतायत, आता गोळी कशाला?' असं मनात येतं. गोळी अचानक सोडली की काही दिवसांत गरगरणं, चिडचिड, झोप उडणं सुरू होऊ शकतं. मूळ आजार उलटतो तो बहुधा नंतर, घरी गेल्यावर.

लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्यांनी पुणे ते सासवड हा टप्पा जपून चालावा. तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट, आणि बहुतेकदा एकादशी. घाम गेला, पाणी-मीठ कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर आणखी वाढतं. वैद्यकीय पथकाकडे गोळी मागताना 'मी लिथियम घेतो' हे आधी सांगायचं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या, जीभ जड होणं दिसलं तर पुढचा डोस थांबवून थेट दवाखाना गाठायचा. निघण्याआधी रक्ताची पातळी तपासून घ्यावी आणि उपवासाचं डॉक्टरांना विचारावं. माझ्या मते हा उपवास सोडलेलाच बरा.

झोपेचं गणित अवघड. पहाटे तीनला टँकरपाशी रांग, मग काकडा, रात्री कीर्तन. बायपोलर असेल तर कीर्तन सोडून झोपावं, कुणी नावं ठेवली तरी. सलग दोन रात्री जेमतेम तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असेल, अखंड बोलत असेल, जवळचे पैसे वाटत सुटला असेल, तर लोक त्याला भक्तिभाव समजतात. तो आजाराचा इशारा असू शकतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. मराठीतून बोलता येतं.

आषाढी झाली की तंबू उतरतात, ट्रक पांगतात आणि दोन दिवसांत घरात एकदम सामसूम. डॉक्टरांची तारीख त्याच आठवड्यातली, आळंदीला निघण्याआधीच घेऊन ठेवावी. परतल्यावर ती घेणं होत नाही.