३२ लिटरची चूक

एक्केचाळिसाव्या वर्षी सर्फिंग शिकायला घेतलं आणि चौथ्या क्लासनंतर लगेच स्वतःचा बोर्ड घेऊन मोकळा झालो, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग तसं. सहा फूट दोन इंच, फायबरग्लास, टोकदार नाक, पांढराशुभ्र. दुकानातल्या माणसाने "किती दिवस करताय?" असं विचारलं होतं, तेव्हाच कळायला पाहिजे होतं खरं तर.

बोर्डावर ३२ लिटर लिहिलं होतं आणि माझं वजन ८२ किलो. लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान, साधा हिशोब आहे, एक लिटर पाणी बाजूला सारलं की जेमतेम एक किलो तरंगतो. त्यामुळे मी पोटावर झोपलो की बोर्ड पाण्याखाली आणि मी छातीपर्यंत पाण्यात, मग हात कितीही मारा, पुढे जायचं नावच नाही. लाटा येतायत, खालून निघून जातायत आणि मी तिथेच. दोन महिन्यांत धड चार लाटासुद्धा पकडल्या नसतील.

आपल्याला वाटतं सर्फिंग म्हणजे उभं राहणं. पण पाण्यात तासभर असलात तर उभे असता काही सेकंद, बाकी सगळा वेळ पॅडलिंग, म्हणजे पोटावर झोपून हात मारत पुढे जाणं, नाहीतर वाट बघणं. त्यामुळे पहिला बोर्ड पॅडलिंगसाठी घ्यायचा. त्यात आपण आठवड्यातून एकदा पाण्यात जाणार, खांदे दिवसभर लॅपटॉपसमोर आखडलेले, रोज पाण्यात असणाऱ्या पोरांशी कसली बरोबरी करताय!

व्हॉल्यूमचे, म्हणजे कोणत्या वजनाला आणि किती अनुभवाला किती लिटर याचे तक्ते मिळतात, मीही बघितला होता, पण अनुभवाचा रकाना निवडला मधला कारण "मी तसा फिट आहे". अरे फिट असणं वेगळं आणि सर्फ करता येणं वेगळं. नवीन माणसाने आपल्या वजनाच्या किलोइतके तरी लिटर घ्यावेत, थोडे जास्तच. आणि वजन खरं सांगा, कॉलेजातलं नको 😄

शेवटी मी ८ फुटी फोमी घेतला, म्हणजे वरून मऊ फोम असलेला सॉफ्टटॉप. हे साधारण ७० ते ९० लिटरमध्ये येतात, रुंदी २२-२३ इंच, जाडी तीन इंचाच्या वर. नुसते लिटर बघू नका, रुंदी बघा, कारण डावीकडे-उजवीकडे डुलणं तिच्यामुळेच कमी होतं. रॉकर, म्हणजे बाजूने बघितल्यावर दिसणारा बाक, कमी हवा, सपाट बोर्ड पाण्यावर पटकन सरकतो. फक्त फार पुढे झोपलात तर नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही तोंडावर. हे सगळ्यांचंच होतं. तेव्हा डोक्यात आपटणारी वस्तू मऊ असलेली बरी.

फोमीचा एकच खरा त्रास, तो काखेत मावत नाही. डोक्यावर घेऊन चालायचं आणि वारा असला की आपणच पतंग.

लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, बोर्डाच्या लांबीइतकी तरी घ्या, आखूड असली की बोर्ड फटकन अंगावर येतो. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचे रबरी सूट, बनवणारे जॅक ओ'नील यांचा एक डोळा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच गेला, तेव्हाच्या लीश रबरासारख्या ताणायच्या. फिनचा, म्हणजे बोर्डाखालच्या पंखांचा, विचार करत बसू नका, जे सोबत येतात ते चालतात.

सेकंडहँड फोमी घ्यायला काहीच हरकत नाही. वरचा थर कुठे सुटलाय का बघा, अंगठ्याने दाबा, आणि उचलून बघा, उगाच जड लागला तर आत पाणी गेलंय. घेतल्यावर उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवू नका, थर सुटतो तो तिथेच. आणि जमलं तर आधी दोन-तीन साइझ भाड्याने घेऊन बघा, मी सोडून सगळे हेच करतात.

तो पांढरा बोर्ड अजून घरातच आहे. विकायला काढला की विचारणारे सगळे माझ्यासारखेच, चाळिशीचे, ऐंशी किलोचे, "दिसतो काय मस्त!" म्हणणारे. त्यांना द्यायला हात धजत नाही.