एफ्राईमची वारी

पवित्र भूमीच्या यात्रेला आमच्या वसईतून वर्षाला किती बसेस भरून लोक जायचे, आठ-दहा दिवसांत नाझरेथ, गालीलचं सरोवर, बेथलेहेम, येरुशलेम, सगळं दर्शन करून जैतुनाच्या लाकडाचे क्रूस आणि खजूर घेऊन परत. माझ्या आईबाबांनी तशीच यात्रा केली आणि अजून त्यांच्या गप्पांत ती येते. मला मात्र चालत जायचं होतं. बांद्र्याच्या मोत माउलीला चालत जाणाऱ्यांच्या घरात वाढलो म्हणून असेल, नाहीतर ऑफिसातले मित्र दरवर्षी आषाढीला वारी करून येतात आणि महिनाभर त्याच नशेत असतात ते बघून असेल, पण देवाकडं जायचं तर पायांनी जायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणि तिकडं तशी वाट आहे, नाझरेथहून बेथलेहेमपर्यंत, मरिया आणि योसेफ साधारण ज्या बाजूनं गेले असतील तो अंदाज धरून आखलेली, जवळपास 160 किलोमीटरची, डोंगरांतून, गावागावांतून, रात्री लोकांच्या घरी मुक्काम. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही लहानसा ग्रुप आणि एक पॅलेस्टिनी गाइड असे निघालो.

सगळी वाट सांगत बसलो तर संपायचं नाही. बुरकीनचं दहा कुष्ठरोग्यांचं चर्च, सेबस्तियातले जुने खांब, नाब्लुसचं कनाफे, हे सगळं पाहिलं आणि मन भरलं, पण मला वेस्ट बँकमधल्या तायबेह या गावाबद्दलच लिहायचंय.

तायबेह म्हणजे बायबलमधलं एफ्राईम असं परंपरेनं मानलं जातं. योहानाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायाच्या शेवटी येतं ते गाव. येशूनं लाजरसला कबरीतून उठवलं, त्यावर येरुशलेममध्ये त्याला मारायचं ठरलं, मग तो उघडपणे फिरायचा थांबला आणि रानाच्या कडेच्या या गावात शिष्यांबरोबर येऊन राहिला. एवढी एकच ओळ आहे. किती दिवस राहिला, कोणाकडं राहिला, काय खाल्लं, काही लिहिलेलं नाही. जन्मला तिथं आपण जातो, मेला तिथं जातो, पण जीव धोक्यात असताना ज्या गावानं त्याला ठेवून घेतलं तिकडं फारसं कोणी फिरकत नाही, आणि हे मला लहानपणी शुभवर्तमान वाचताना कधी सुचलंसुद्धा नव्हतं, ते चालता चालता गाइडनं सांगितलं तेव्हा टोचलं.

आम्ही उत्तरेकडून आलो, कफर मालिक नावाच्या गावातून. सकाळी पुदिना-झातरचा नाश्ता करून निघालो, मध्ये दैर जरीर लागतं, ते मुसलमान वस्तीचं गाव आणि त्याला चिकटूनच पुढं तायबेह. रस्ता सगळा चढउताराचा आणि दोन्ही बाजूंना जैतून. फोटोत बघून कळत नाही ते काय असतं. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांध घालून पायऱ्या पायऱ्यांचा केलेला, चुना नाही सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि प्रत्येक पायरीवर झाडं, खोड इतकं पिळवटलेलं की आत माणूस उभा राहील, वर पानं मात्र हिरवी-चंदेरी, वारा आला की अख्खा डोंगर रंग बदलतो. खूप जुन्या झाडांना तिकडचे लोक रूमी म्हणतात, म्हणजे रोमन लोकांच्या काळातली. माती लालसर, दगड पांढरे, आणि पूर्वेकडं बघितलं की हिरवं एकदम संपतं, पिवळं उघडं रान खाली खाली उतरत जॉर्डनच्या खोऱ्यापर्यंत जातं. हवा स्वच्छ असली तर मृत समुद्र दिसतो. योहानानं रानाच्या कडेचं गाव का म्हटलंय ते तिथं उभं राहिलं की समजतं, ओढून ताणून अर्थ लावायची गरजच नाही.

ऑक्टोबर म्हणजे जैतून उतरवायचा हंगाम. पहिला पाऊस पडून फळांवरची धूळ धुऊन गेली की सगळं गाव शेतात. शाळेची पोरं, रामल्लाला नोकरी करणारे, अमेरिकेतून सुट्टी घेऊन आलेले सुद्धा. गावाच्या अलीकडंच एका कुटुंबानं आम्हाला हाक मारली, तफद्दलू, तफद्दलू, म्हणजे या, बसा. बसलो कुठले, चहा प्यायलो आणि कामालाच लागलो. झाडाखाली मोठी ताडपत्री पसरतात, मग फांदी मुठीत धरून हात खाली ओढायचा, गाईचं दूध काढताना ओढतो ना तसा, फळं टपटप पडतात. उंचावरच्या फांद्यांना प्लास्टिकची फणी लावलेली काठी. काठीनं झोडपायचं नाही, कोवळ्या डहाळ्या मोडतात आणि पुढच्या वर्षीचं पीक तिथंच येणार असतं, हे मला घरातल्या आजींनी दोनदा समजावलं, खुणांनी. तसंही जैतूनाला एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष कमी असं असतंच.

या आजींना सगळे सित्ती म्हणत होते, मग आम्हीही सित्ती म्हणायला लागलो. मी हिंदुस्थानातला ख्रिस्ती आणि आमच्या घरी पण शेती, हे गाइडनं सांगितल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. काय लावता तुम्ही? मोबाइलवर आमच्या केळीच्या वाडीचा फोटो दाखवला. केळीचं झाड किती वर्षं जगतं? मी म्हटलं एक घड देतं, मग तोडतो, बाजूचा कोंब वाढतो. त्यांना ते खरंच वाटेना. गाइडला परत परत विचारत होत्या, तोडतात? दरवर्षी? मग हात मागं नेऊन खोडावर थोपटलं आणि म्हणाल्या हे नवऱ्याच्या आजोबांच्या आधीचं, कोणी लावलं कोणाला माहीत नाही. तेवढं बोलून परत पाला निवडायला लागल्या. त्यांची बोटं काळी-जांभळी झालेली, नखांत तेल, आणि वेग असा की मी एक मूठ निवडेपर्यंत त्यांचं अर्धं टोपलं.

संध्याकाळी पोती ट्रॅक्टरवर टाकून गिरणीवर गेलो, तेलाच्या घाण्यावर. हंगामात तो रात्रभर चालतो. फळं धुतली जातात, पाला उडवला जातो, मग बियांसकट दळून तो गाळ बराच वेळ घुसळतात आणि शेवटी मशीनमधून हिरवंगार तेल बाहेर पडतं, एवढं दाट हिरवं की तेल वाटत नाही. चार-पाच किलो फळांना साधारण एक लिटर. प्रत्येक घराचं वेगळं काढतात आणि आपलं तेल येईपर्यंत घरचा माणूस तिथून हलत नाही. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर रोटी गरम करून ताज्या तेलात बुडवून हातात देतात, येणाऱ्या कोणालाही. घशाला एकदम तिखट लागतं, ठसका लागतो. तेच चांगल्या तेलाचं लक्षण म्हणाले. आमच्या घरी दुकानातून आणलेली ऑलिव्ह ऑइलची बाटली असते तिचा आणि याचा काही संबंधच नाही. रात्री त्याच तेलात मुरलेलं मुसखन जेवलो, तंदूरसारख्या रोटीवर भरपूर कांदा, सुमाक आणि कोंबडी, हातानं तोडून, सगळे एकाच ताटात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तायबेहमध्ये दीड हजाराच्या आत माणसं आणि सगळी ख्रिस्ती. वेस्ट बँकमधलं पूर्ण ख्रिस्ती राहिलेलं हे शेवटचं गाव म्हणतात. तीन चर्च आहेत, लॅटिन म्हणजे आपलं कॅथलिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि मेल्काइट, म्हणजे पोपना मानणारं पण ग्रीक पद्धतीनं उपासना करणारं. पण एकाच घरात सून एका चर्चची आणि सासू दुसऱ्या चर्चची, त्यामुळं सण वेगवेगळ्या दिवशी करायचे तरी कसे, म्हणून नाताळ सगळे मिळून 25 डिसेंबरला करतात आणि ईस्टर सगळे मिळून ऑर्थोडॉक्स तारखेला. जगभरातल्या मोठ्या लोकांना जे जमत नाही ते एका खेड्यानं घरच्या सोयीनं करून टाकलंय, मला याचं फार अप्रूप वाटलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अरबीत. शब्द एक कळत नव्हता पण कुठं उभं राहायचं, कुठं गुडघे टेकायचे, प्रभूची प्रार्थना कधी, सगळं कळत होतं, आणि देवाला ते अल्लाह म्हणतात, शेकडो वर्षांपासून, ते ऐकून आमच्या ग्रुपमधले दोघेजण आधी दचकले आणि मग शांतीचा हात द्यायची वेळ आली तेव्हा रडतच होते.

मिस्सानंतर अल-खदरला गेलो. संत जॉर्जच्या जुन्या चर्चचे अवशेष, मूळ पाचव्या शतकातलं बायझंटाइन, मग क्रुसेडच्या काळात परत बांधलेलं. छप्पर नाही, वर आभाळ. रुंद पायऱ्या, खडबडीत भिंती, मध्ये गवत. पण याला नुसते अवशेष म्हणवत नाही कारण लोक अजून तिथं नवस फेडायला येतात, मूल झालं, आजारातून उठलं, परदेशातून सुखरूप आलं, की कोकरू कापतात आणि मांस गरिबांत वाटतात. दाराच्या दगडावर रक्ताचे क्रूस काढलेले होते, वाळलेले, तपकिरी. कोणाला ते खटकेल. मला आमच्याकडच्या नवसांची आठवण झाली आणि मी तिथंच पायरीवर बसून जपमाळ केली.

संत शार्ल द फुको, 2022 मध्येच मे महिन्यात ज्यांना पोपनी संत म्हणून जाहीर केलं, ते 1898 मध्ये या गावात येऊन प्रार्थनेत राहिले होते. त्यांच्या नावाचं यात्रेकरूंसाठी घर आहे. 1994 मध्ये अमेरिकेतून परत आलेल्या दोन भावांनी इथं बीअरचा कारखाना काढला, तो पण चालतो. म्हणजे लोक परत पण येतात. पण जातात जास्त. तायबेहची जेवढी माणसं गावात आहेत त्याच्या कितीतरी पट बाहेर. सित्तीच्या मुलांपैकी एकच गावात राहिलेला. त्याला विचारलं तू का नाही गेलास, तर म्हणाला जैतून कोण उतरवेल.

आणि ते उतरवणं पण सोपं राहिलेलं नाही. गावाच्या भोवती इस्रायली वसाहती आहेत, पूर्वेकडची बरीचशी जमीन इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो कराराप्रमाणं क्षेत्र क मध्ये, म्हणजे इस्रायली लष्कराच्या ताब्यात, वसाहतीजवळच्या झाडांकडं जायचं तर लष्कर म्हणेल ते मोजके दिवस. ऑक्टोबर 2023 नंतर तर फारच बिघडलं. जवळच्या ऐन सामियाची मेंढपाळ वस्ती त्याआधीच मे 2023 मध्ये हल्ल्यांना कंटाळून उठून गेली, जिथून आम्ही चालत आलो तोच भाग. जुलै 2025 मध्ये अल-खदरच्या आणि दफनभूमीच्या लगत आग लावली गेली. गावकऱ्यांनी सांगितलं वसाहतवाल्यांनी लावली. आठवड्याभरात येरुशलेमचे लॅटिन आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क, म्हणजे त्या चर्चचे तिथले धर्मप्रमुख, दोघं एकत्र गावात आले, त्यांचे तिथले फोटो बघताना मागची भिंत मी लगेच ओळखली, जपमाळ केली ती.

गाइडशी माझं अजून बोलणं होतं. वाट बंदच आहे म्हणाला, ग्रुप येत नाहीत, रस्त्यांवर लोखंडी फाटकं, कधी उघडतील कधी नाही. सित्तीच्या घरच्यांना खालच्या पायऱ्यांवरच्या झाडांपर्यंत जाता आलं नाही, घराजवळची तेवढी उतरवली. माझं एवढंच सांगणं आहे, यात्रा परत सुरू होतील तेव्हा आपल्या धर्मग्रामातून जाणाऱ्यांनी टूरवाल्याकडं हट्ट धरावा, तायबेहला एक रात्र हवी, येरुशलेमहून ते तीस किलोमीटरवर आहे, बस जाते. रविवार गाठा, अरबी मिस्साला बसा, तेल त्यांच्याकडूनच घ्या. आणि ऑक्टोबर असेल तर जुने कपडे न्या, कोणीतरी शेतातून हाक मारेलच.