कासव, शिसम आणि दहा किलो

2022 च्या नोव्हेंबरात पनामा सिटीत साइट्सची परिषद झाली. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम ठेवणारा हा करार. भारताची भूमिका तयार करणाऱ्यांत मी कंत्राटी संशोधक. सभागृहात बोलणारे वेगळे, त्यांच्या हाती कागद देणारे आम्ही. प्रस्ताव 150 दिवस आधी पोचवावा लागतो, म्हणून भर उन्हाळ्यात फायलींशी झटापट चालली होती.

माझ्या वाट्याला लीथचं मऊ पाठीचं कासव आलं. 1872 साली पुण्याच्या नमुन्यावरून नोंदलेलं, फक्त आपल्या द्वीपकल्पात आढळणारं. तीस वर्षांत 90 टक्के घट, हे लिहायला सोपं. पण परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे व्यापारी देवघेव जवळपास बंद असलेल्या यादीत, जायचं तर व्यापाराची झळ दाखवावी लागते, आणि चोरटा माल पावती फाडत नाही. जप्तीचे पंचनामे मागवले, तर बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘जिवंत कासवे, गोणीसह’. कुठल्या जातीची? देव जाणे. त्यात आपल्याच वन्यजीव कायद्यात हे कासव तेव्हा अनुसूची चारमध्ये, म्हणजे कमी संरक्षणाच्या यादीत. घरी खालच्या पंगतीला बसवून बाहेर मानाचं पान मागायचं, हे मला अवघडच वाटत होतं.

शिसमचं उलट होतं. तिथे सवलत मागायची होती. 2016 मध्ये जोहान्सबर्गला शिसमची अख्खी प्रजाती (डाल्बर्जिया) परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार करायच्या यादीत, गेली, कारण तयार वस्तू बघून कस्टमवाल्याला दुर्मीळ भाऊबंद ओळखता येत नाही. उत्तर भारतात शेताच्या बांधावर वाढणारा शिसमही त्यात अडकला आणि हस्तकलेची निर्यात घसरली. प्रस्ताव होता यादीतून वगळण्याचा. पण विरोध होणार हे दिसत होतंच, म्हणून मागे हटायचं तर कुठवर, हेही ठरवावं लागतं. माझ्या मते भूमिकेचा जीव तिथेच असतो. परवान्यातून आधीची सूट एका खेपेत 10 किलो लाकडापुरती होती. कारागिराला तिचा उपयोग काय?

कासव परिशिष्ट एकमध्ये गेलं. शिसम यादीतच राहिला, पण 10 किलोंची मर्यादा खेपेऐवजी प्रत्येक वस्तूला लागू झाली. निकालानंतर एका निर्यातदाराचा फोन आला, “साहेब, पितळी बिजागऱ्या धरून दहा का?”

नाही. फक्त लाकूड मोजायचं.